पट्टेवाला मासा हजिऱ्याला का नाही?

सुरतेतल्या मराठी घरी पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की पहिला दिवस लोचो-घारीचा, दुसरा साड्यांच्या मार्केटचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एक प्रश्न हमखास येतो, "समुद्र किती लांब हो इथून?" मग आम्ही त्यांना डुमसला नाहीतर सुवालीला घेऊन जातो. गाडीतून उतरल्यावर पाहुणे जरा वेळ काही बोलत नाहीत. पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं, वाळू काळपट, आणि ओहोटी असेल तर पाणी इतकं मागे गेलेलं की मध्ये नुसता चिखल चमकतो. पाठीमागे चिमण्या, टाक्या, क्रेन. मग कोणीतरी भजी मागवतं आणि विषय बदलतो.

मी या समुद्राशेजारी वाढले. बाबा १९८५ मध्ये मालवणहून इथे एका कारखान्यात फिटर म्हणून आले. माझं बालपण हजिऱ्याच्या रस्त्यावरच्या टाऊनशिपमध्ये गेलं, इंजिनिअरिंग सुरतेत झालं, आणि आता मी इथल्याच कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे पाहुण्यांचा चेहरा पडला की मी आपोआप वकिली सुरू करते. यंदा मात्र प्रश्न पाहुण्यांकडून आला नाही. तो माझ्या सात वर्षांच्या लेकीने विचारला, आणि त्याला वकिलीचं उत्तर चालणार नव्हतं.

झालं असं, की सॅन दिएगोला राहणाऱ्या माझ्या दादाने एक व्हिडिओ पाठवला. तो आणि वहिनी ला होया नावाच्या किनाऱ्यावर नळी लावून पोहायला जातात. पाणी थंड, अंगात रबरी सूट. व्हिडिओत केल्पचं जंगल होतं. केल्प म्हणजे समुद्रातलं झाडाएवढं उंच वाढणारं शेवाळ. त्याच्या पानांमधून उन्हाच्या तिरिपा येत होत्या आणि मधल्या मोकळ्या पाण्यात निळसर काळे, वीतभर लांबीचे शेकडो मासे एकाच दिशेला तोंड करून थांबले होते. ते पोहत कुठेच जात नव्हते. प्रवाहाच्या समोर जागच्या जागी शेपूट हलवत सगळे मधूनमधून काहीतरी टिपत होते. दादाने खाली लिहिलं होतं, "हे आमचे लोहार." या माशाला तिकडे ब्लॅकस्मिथ म्हणतात, रंगावरून.

लेकीने व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि म्हणाली, "आई, आपल्या समुद्रात असे का नाहीत?"

"आपलं पाणी गढूळ आहे ना, म्हणून."

"पण गढूळ पाण्यात बोंबील असतात की."

असतात. बोंबील, शिंगाळा, कोळंबी, बोयटं, सगळं मिळतं. तेव्हा नुसतं गढूळ म्हणून भागणार नव्हतं.

आधी हे पाणी गढूळ का, ते सांगते, कारण त्यात आपल्या लोकांचा थोडा हात आहे. हजीरा तापीच्या मुखाशी, उजव्या तीरावर आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत येते, उकाईच्या धरणात थांबते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून इथे समुद्राला मिळते. तिने हजारो वर्षं जी माती आणली ती भुसावळ-जळगावकडची काळी माती. लिंबायत-उधन्याकडे राहणारी निम्मी मराठी वस्ती खानदेशातून आली, म्हणजे माणसं आणि माती दोन्ही एकाच वाटेने आली. वरच्या अंगाला नर्मदा, मही, साबरमती याही आपापला गाळ याच खंभातच्या आखातात टाकतात. हे आखात नरसाळ्यासारखं आहे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं. भरतीचं पाणी आत शिरताना दाबलं जातं आणि उंच चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. याच भरतीच्या जोरावर अलंगला मोठमोठी जहाजं किनाऱ्यावर चढवून मोडतात. हजिऱ्याला त्याहून कमी, तरी पाणी दोन मजले चढतं आणि उतरतं. दिवसातून दोनदा एवढं पाणी आत-बाहेर होत असताना गाळ तळाशी बसणार कधी?

विश्वास बसत नसेल तर फेरीने जाऊन बघा. नोव्हेंबर २०२० पासून हजिऱ्याहून सौराष्ट्रातल्या घोघ्याला रो-पॅक्स फेरी जाते. रस्त्याने ३७० किलोमीटर होतात, समुद्रातून ९०. ट्रक, गाड्या, मोटारसायकली सगळं पोटात घालून बोट निघते, आणि तुम्ही डेकवर उभं राहून पाहिलंत तर मधोमध आल्यावरही पाणी निळं होत नाही. तपकिरीतून करडं होतं, इतकंच. त्याआधी २०१७ साली घोघा ते दहेज अशी फेरी सुरू झाली होती. दहेजच्या धक्क्याशी गाळ इतका साचत गेला की बोटीला पाणी पुरेना, आणि ती बंद करावी लागली. आखातातल्या चिखलाने सरकारी योजनेचा पत्ता बदलला, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात.

आता दादाच्या लोहाराकडे येते. हा मासा ज्या कुळातला आहे त्याला इंग्रजीत डॅमसेलफिश म्हणतात. या कुळात चारशेच्या आसपास जाती आहेत आणि तुम्ही त्यातली एक नक्की ओळखता, कारण नेमो त्याच कुळातला. (नेमोचा बाप त्याला शोधत समुद्र पालथा घालतो हे गोड आहे, पण खऱ्या आयुष्यात नेमोची आई गेल्यावर बापच थोड्या दिवसांत मादी झाला असता. क्लाऊनफिशमध्ये तशीच रीत आहे. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही.) बहुतेक जाती गरम पाण्यातल्या, पोवळ्यांच्या आसपासच्या. पण काहींनी थंड पाण्याचे खडकाळ किनारे धरले आहेत. कॅलिफोर्नियाचा लोहार त्यातला एक. भूमध्य समुद्रात त्याचा एक भाऊ आहे, सिडनीच्या बाजूला दुसरा, ज्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका असतो. हे तिघेही थव्याने राहतात आणि प्रवाहासोबत वाहत येणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, खातात.

थव्याने का? मोकळ्या पाण्यात वर गेल्याशिवाय खाणं मिळत नाही, आणि मोकळ्या पाण्यात एकटा मासा म्हणजे दुसऱ्याचं खाणं. म्हणून शेकडो जण एकदम वर जातात. मोठा मासा, सील किंवा पाणकावळा दिसला की सगळे क्षणात खाली खडकात. आमच्या शाळेत पीटीचे सर फाटकातून येताना दिसले की मैदान असंच रिकामं व्हायचं.

आणि ते टिपत असतात ते डोळ्यांनी. मला यात सगळ्यात नवल वाटलं. तांदळाच्या कणीहून बारीक, जवळपास पारदर्शक जीव, तो एकेक बघून हेरायचा आणि उचलायचा. दिवसभरात असे हजारो. यासाठी पाणी स्वच्छ हवं आणि उजेड हवा. हजिऱ्याच्या पाण्यात हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. इथले मासे डोळ्यांवर विसंबून नाहीत. शिंगाळ्याला मिशा आहेत, तो चाचपत खातो. बोंबलाचं तोंड म्हणजे दातेरी पिंजरा, समोर येईल ते आत.

हे झालं निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं रात्रीचं आहे.

अंधार पडला की लोहारांचा थवा मोडतो. प्रत्येक मासा खडकातल्या फटीत, कपारीत शिरतो आणि सकाळपर्यंत तिथेच राहतो. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याच माशावर 'सायन्स' या मासिकात एक लेख लिहिला. त्यांनी पाहिलं की हे मासे दिवसभर मोकळ्या पाण्यातलं प्लवक खातात आणि रात्री कपारीत त्याची विष्ठा करतात. त्या अंधाऱ्या भोकांत ना शेवाळ वाढतं ना फारसं काही वाहून येतं. तिथल्या कोळंब्या, किडे, बारीकसारीक जीव या विष्ठेवर जगतात. म्हणजे बाहेरच्या समुद्रातलं अन्न रोज संध्याकाळी पोटातून घरी आणायचं काम हा मासा करतो. टिफिन घेऊन जाणारे पुष्कळ असतात, हा भरून आणणारा.

शिवाय अंडी. या कुळातले मासे अंडी पाण्यात सोडून देत नाहीत. कठीण पृष्ठभागावर चिकटवतात. नर आधी दगडाचा तुकडा तोंडाने साफ करतो, मादी येऊन अंडी घालून जाते, आणि पुढचे दिवस राखण नराची. तो परांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवतो, मेलेली अंडी उचलून टाकतो, जवळ येईल त्याच्या अंगावर जातो. तेव्हा थवा कितीही मोठा असला तरी त्याचं मूळ दगडात असतं. हजिऱ्याच्या किनाऱ्याला दगड नाही. धक्क्याचे खांब आहेत, लाटा अडवायला टाकलेले काँक्रीटचे ठोकळे आहेत, पण त्यांच्यावर आज अंडी चिकटवली तर उद्या गाळाखाली जातील.

लेकीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दगडवाला समुद्र कुठे आहे?"

तो कुठे आहे हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. आईचं माहेर मालवणात, धुरीवाड्यात. आम्ही उत्तरायणाच्या सुट्टीला जोडून निघालो. यावर शेजारच्या बेनचा विश्वासच बसेना. उत्तरायणाला सुरत सोडून जाणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. रेल्वेने कुडाळ, पुढे रिक्षा, आणि खिडकीतून नारळ दिसायला लागल्यावर बाबांच्या बोलण्यातले हेल आपोआप बदलले.

सुरतेच्या मराठी माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल जरा वेगळं वाटतं. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. सुरतेच्या पैशावर सिंधुदुर्ग उभा राहिला असं आमच्या घरी अभिमानाने सांगतात. शाळेत हा धडा आला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा, जणू मोहरा माझ्याच दप्तरात आहेत. असो. किल्ल्याच्या तटाखाली आणि आजूबाजूच्या खडकांवर जे पाणी आहे, ते माशांच्या दृष्टीने सोन्याहून मोलाचं आहे. १९८७ मध्ये हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, ज्यात किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. जाहीर झालं तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण ज्या पाण्यावर घर चालतं त्याचे नियम दुसऱ्याने ठरवलेले कोणाला आवडतील?

माझा मामेभाऊ या पाण्यावरच जगतो. मामा रापणीचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं, त्याला वाड्यातली तीस-चाळीस माणसं लागायची आणि मासळी सगळ्यांत वाटली जायची. रापणीला मासे लागेनासे झाले, तेव्हा मामेभावाने होडीला रंग दिला, नळ्या आणि लाइफ जॅकेटं घेतली आणि पर्यटकांना 'समुद्राखालची दुनिया' दाखवायला लागला. ऑक्टोबर ते मे धंदा, पावसाळ्यात होडी वर काढायची.

त्याने आम्हाला किल्ल्याच्या मागच्या बाजूला नेलं. लेक नळी तोंडात धरून पालथी झाली, मी तिचा हात धरला. आणि खाली दगड होते. लहानपणापासून मी हा समुद्र वरून पाहत आले होते, खालून पहिल्यांदा पाहिला. जानेवारीत पाणी बरंच निवळतं, दोन पुरुष खोलवर दगड, त्यावरचं शेवाळ, पोवळ्यांचे गोळे स्पष्ट दिसत होते. दगडांवर मासे लोंबत होते. लोहार नव्हेत, त्यांचे मालवणी नातेवाईक: तळहाताएवढे, चपटे, पाठीवर पिवळी झाक आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे. पट्ट्यांमुळे स्कूबावाले त्यांना सार्जंट म्हणतात. वरून प्लवक येतंय, हे तोंड करून टिपताहेत, अगदी दादाच्या व्हिडिओतल्यासारखं. फक्त केल्पच्या जागी किल्ल्याचा तट.

तेवढ्यात मामेभावाने पावाची लादी फोडली.

पुढचं दृश्य तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिलं असेल. सगळा थवा एका झटक्यात आमच्या तोंडावर. पट्टेच पट्टे. बोटांना चावे. लेक पाण्यात नळीतून किंचाळत होती, आनंदाने. पन्नास फुटांवरच्या दुसऱ्या होडीने बिस्किटं टाकली आणि निम्मा थवा तिकडे पळाला. प्लवक टिपायचं काम बंद. समोरचं पाणी ढवळून कणकेसारखं झालं.

मला खाली एक मासा दिसला, जो आला नव्हता. तो एका उभ्या दगडापाशी होता, इतरांपेक्षा निळसर, पट्टे नीट दिसतही नव्हते. दगडावर हातरुमालाएवढा जांभळट डाग होता. तो मासा डागासमोर येरझाऱ्या घालत होता. मी खूण केली. मामेभाऊ बुडी मारून बघून आला आणि नळी काढून म्हणाला, "हो राखणदार. हो काय पावाक येवचो नाय."

कोकणातल्या माणसाने राखणदार हा शब्द उगाच वापरलेला नसतो. तो गावाच्या सीमेवर असतो, रात्री काठी आपटत फिरतो, त्याला वर्षाला नारळ द्यावा लागतो. हा इथला राखणदार अंडी फुटेपर्यंत, आठवड्याच्या आतबाहेर, जागा सोडत नाही. अंडी फुटली की पिल्लं प्रवाहात वाहत जातात, काही दिवस तरंगत्या शेवाळाखाली नाहीतर ओंडक्याखाली आसरा घेतात आणि वाचली तर पुन्हा एखाद्या दगडावर येतात. एखादं वाहत हजिऱ्यापर्यंत आलं तरी तिथे त्याला उतरायला जागा नाही.

दहा मिनिटांनी पर्यटकांची तिसरी होडी आली. तिने नांगर टाकला, आणि तो राखणदाराच्या दगडापासून हातभर अंतरावर पडला. दगडाला लागला नाही. पण दोन हात इकडे पडला असता तर लागला असता.

संध्याकाळी मामेभावाने मला खास कामासाठी अंगणात बसवलं. त्याला वेबसाइट हवी होती. बुकिंग, दर, फोटो, गुगलवर वर यायला पाहिजे. मी इंजिनिअर असल्याचा घरच्यांना होणारा हा एकमेव उपयोग, आणि मी तो आनंदाने करते. पहिल्या पानावर टाकायला त्याने फोटो काढून ठेवला होता: एका मुलीच्या हातात पाव आणि तिच्याभोवती पट्ट्यांचं वादळ. फोटो सुंदर होता, त्यात वाद नाही.

मी म्हटलं, हा फोटो नको. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. की पावाने त्यांचं पोट भरतं पण तो त्यांचा आहार नाही. की जिथे रोज खायला घालतात तिथे हेच मासे दांडगे होतात आणि बाकीच्यांना हुसकावतात. की थायलंडच्या सागरी उद्यानांत माशांना खायला घालायला बंदी आहे, पकडलं तर कारवाई होते. की त्यांनी वरचं प्लवक खाऊन रात्री खडकात आणायचं, ते काम पाव खाऊन होत नाही.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं. "गो ताई, पाव नाय दाखवलंस तर फोन कोण करतलो? मासो दिसलो नाय तर गिऱ्हाईक पैसे परत मागता." बाजूच्या चार होड्या पाव देतात. याने नाही दिला तर मासे त्या होड्यांकडे जातील आणि माणसंही. होडीचा हप्ता दर महिन्याला आहे. हे ऐकल्यावर माझ्याकडचे मुद्दे जरा पातळ झाले.

मग तो म्हणाला, "तुमच्या हजिऱ्याक समुद्रात काय काय सोडतत, तां आधी बघ. मगे माज्या दोन पावांचा बोल."

बाबा बाजूला पान लावत बसले होते. त्यांची चाळीस वर्षं त्या चिमण्यांखाली गेली, आमचं शिक्षण, दादाचं तिकीट, सगळं तिथलंच. ते काही बोलले नाहीत.

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. हजिऱ्यालाही मच्छीमार आहेत. धक्के आणि भराव वाढत गेले तसा त्यांचा खाडीत जायचा रस्ता अडत गेला, आणि ते भांडले. २०१६ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाने हजिऱ्याच्या एका बंदर-विस्ताराची पर्यावरण मंजुरी रद्द केली आणि २५ कोटी रुपये भरायला सांगितलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आमच्या टाऊनशिपमध्ये त्या दिवसांत या विषयावर कोणी फारसं मोठ्याने बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या कारखान्यात होतंच.

आणि हजिऱ्याच्या चिखलात जपण्यासारखं काही नाही असं समजू नका. परत आल्यावर एका रविवारी ओहोटीला मी लेकीला खाडीच्या कडेला घेऊन गेले. चिखलावर निवट्या होत्या. सुरतेच्या बाजारात माछी बायका टोपलीत जिवंत घेऊन बसतात, 'लेवटा' म्हणतात, आणि आईने त्यांचं कालवण करायला शेजारणीकडून शिकून घेतलं, मालवणी मसाला घालून. या माशाचे डोळे डोक्याच्या वर असतात. पाणी मागे गेलं की तो चिखलावरच राहतो, ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओलीतून श्वास घेतो, आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो. खानदेशच्या मातीवर उगवलेलं ते शेत. त्याला दगड नाही, तर तो चिखलात बीळ खणतो आणि अंडी त्या बिळात. बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून यांच्या काही जातींमध्ये बाप तोंडात हवा भरून घेतो, बिळात नेऊन सोडतो, परत वर येतो, परत भरतो. जपानमध्ये संशोधकांनी याची नोंद केली आहे.

लेक चिखलाच्या कडेला उकिडवी बसून बराच वेळ बघत होती. एका निवट्याने पाठीवरचा पर उभारून दुसऱ्यावर उडी मारली. तिला ते पट्टेवाल्यांपेक्षा जास्त आवडलं, असं तिने जाहीर केलं. मला ते पटलेलं नाही, पण सात वर्षांच्या माणसाशी सौंदर्यावर वाद घालू नये.

वेबसाइटचं काम मी रात्री करते, ऑफिसचं संपल्यावर. तीन मसुदे झाले. पहिल्या पानावर आता पावाचा फोटो नाही. राखणदाराचा आहे, मामेभावानेच बुडी मारून काढलेला, जरा हललेला. खाली मी चार ओळी लिहिल्या: हा मासा काय करतो, त्याच्यापासून किती लांब राहायचं, नांगर कुठे टाकत नाही. नांगराचं त्याने स्वतःहून मान्य केलं. आता तो आणि बाजूचे दोघे मिळून किल्ल्यामागे एक कायमचं तरंगतं पिंप बांधायच्या विचारात आहेत, म्हणजे होड्या त्यालाच बांधता येतील आणि दगडावर नांगर पडणार नाही. परवानगी कोणाकडून घ्यायची यावर सध्या अडलं आहे, कारण अभयारण्यात वनखातंही येतं आणि बंदरखातंही.

पावाचं मात्र त्याने पूर्ण सोडलेलं नाही. दरपत्रकात दोन ओळी ठेवायचं ठरलं. एक 'मासे खाऊ घालणे', एक 'मासे पाहणे'. दुसरीत होडी लांब थांबवायची, अर्धा तास जास्त द्यायचा, आणि माशांना त्यांचं काम करताना बघायचं. मला वाटत होतं की दुसरीचा दर कमी ठेवावा, म्हणजे लोक ती घेतील. व्हॉट्सॲपवर तसं लिहिलं.

तासाभराने उत्तर आलं. "कमी कित्याक? येळ जास्ती जाता. दर सारखोच ठेव."